चरबीला तब्येत म्हणू नका

घोड्यांच्या यात्रेत मला सगळ्यात जास्त राग येतो तो 'काय तब्येत आहे!' या तीन शब्दांचा. हे शब्द ऐकले की ओळखावं, समोर एखादं बिचारं जनावर चरबीनं फुगवून उभं केलेलं आहे. अंगाला तेल चोळलेलं, आयाळीत गोंडे, गळ्यात घुंगुरमाळ. पुठ्ठ्यांचे दोन गोळे झालेत आणि मधून अशी पन्हाळ पडली आहे की पाऊस आला तर पाणी शेपटीपर्यंत वाहत जाईल. मान पोळाच्या मानेसारखी ताठ आणि जाड. भोवती बघ्यांचं कडं. कुणीतरी पुठ्ठ्यावर थाप मारतो, थाप 'थप्प' अशी वाजते, आणि सगळे माना डोलावतात, "काय तब्येत आहे!" तिथून किंमत पन्नास हजारांनी वर चढते.

ही तब्येत नव्हे. ही चरबी आहे. या दोन गोष्टींतला फरक ज्याला कळत नाही त्यानं शेळी घ्यावी, म्हैस घ्यावी, घोड्याच्या वाटेला जाऊ नये. शब्द कडक वाटतील, पण जनावरांच्या दवाखान्यात एकतीस वर्षं काढल्यावर गोड बोलायची सवय राहत नाही. आमचा पट्टा भीमा-नीरेच्या मधला. दवाखान्यात गाई-म्हशी-शेळ्यांचा रतीब, पण घोडीही यायची. पावसाळा संपता संपता धनगरांचे वाडे यायचे, त्यांच्याबरोबर बिऱ्हाड वाहणाऱ्या घोड्या. तालुक्याच्या गावात वरातीची घोडी पाळणारी तीन-चार घरं. आणि दरवर्षी मार्गशीर्षात यात्रांचा हंगाम सुरू झाला की नवीन घेतलेली घोडी दाखवायला येणारे हौशी लोक. या तिन्ही प्रकारचे घोडे मी पाहिले आहेत. त्यात हाडं निघालेल्या घोड्याबद्दल हळहळणारे खूप भेटले, पण चरबीनं मरणाऱ्या घोड्याबद्दल हळहळणारा एकही भेटला नाही. म्हणून हे लिहायचं.

मुळात आपला डोळा बैलावर तयार झालेला आहे. पोळ्याला बैल कसा दिसावा हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक. भरदार, तुकतुकीत, वशिंड डुलणारं. तोच डोळा घेऊन आपण घोड्याकडे जातो आणि तिथं फसतो. बैलाच्या पोटाला चार कप्पे, तो बसून रवंथ करतो. घोड्याचं जठर त्याच्या देहाच्या मानानं लहान, त्याला थोडं-थोडं आणि दिवसभर खायला लागतं. जास्त झालं तर ओकून टाकायची सोयसुद्धा देवानं त्याला दिलेली नाही. घोड्याला उलटी होत नाही. बैलाचं ओझं एका पायावर दोन खुरांत वाटलेलं, घोड्याच्या प्रत्येक पायाला एकच बोट, आणि त्या बोटाच्या नखावर सगळा देह उभा. असं हे जनावर. याला फुगवलं तर पहिला तडाखा कुठं बसणार? पायाला.

तो कसा बसतो ते नीट समजून घ्या, कारण विकणारा ते सांगणार नाही. खुराच्या आत एक हाड असतं. ते खुराच्या भिंतीला पातळ पानांसारख्या थरांनी टांगलेलं असतं. अंगात चरबी फार झाली, त्यात चंदीचा आणि गुळाचा मारा झाला, की रक्तातलं इन्सुलिन बिघडतं. माणसाला मधुमेहाच्या आधी जे होतं त्याच्या जवळचंच हे. मग ते थर दुखावतात, सैल पडतात आणि आतलं हाड जागा सोडतं. डॉक्टर त्याला लॅमिनायटिस म्हणतात. घोडी पुढचे पाय लांब टाकून, सगळा भार मागं घेऊन उभी राहते, जशी कुणी तापल्या तव्यावर उभी केली आहे. वळायला सांगितलं की कण्हते. फार झालं तर हाड तळवा फोडून बाहेर येतं. अशा घोडीच्या खुरावर पुढं आडवे वळ दिसतात, टाचेकडं रुंद आणि पुढं अरुंद. ज्याला वाचता येतात त्याला त्या वळांत मागच्या वर्षाची सगळी हकिगत वाचता येते.

अशी एक घोडी आठवते. पांढरीशुभ्र नुकरी. एका यात्रेतून घेतलेली, घेणारा वरातीचा धंदा करणारा गरीब माणूस. सोसायटीचं कर्ज आणि बायकोच्या पाटल्या मोडून घेतलेली. विकणाऱ्यानं बजावून सांगितलं होतं, "खुराक तोडू नको, घोडी उतरंल." हा बापडा इमानानं रोज अडीच-तीन किलो हरभरा, वर गूळ, आणि घोडी दारात बांधलेली. लग्नसराईत रात्री दोन तास वरात, ती पण मुंगीच्या पावलानं, बाकी बावीस तास दावणीला. लसीकरणाला मी त्याच्या आळीत गेलो की तो हौसेनं घोडी दाखवायचा. मी मानेला हात लावला तर आयाळीच्या मुळाशी चरबीची वळकटी, तीही मऊ नव्हे, दाबली तर दबत नाही इतकी घट्ट. सांगितलं, "अरे, हिचा हरभरा बंद कर, रोज तासभर चालव." तो म्हणाला, "डाक्टर, उतरली तर गिऱ्हाईक काय म्हनंल? लोकं घोडी बघून सुपारी देत्यात." त्याचंही खोटं नव्हतं. आषाढात घोडी पुढच्या दोन्ही पायांनी बसली. त्यानं दोष दिला नालबंदाला, नाल चुकीचा मारला म्हणून. आळीतल्या लोकांनी दोष दिला नजरेला. कर्ज फिटायच्या आत घोडी वरातीतून कायमची बाद झाली. तिला ज्यांनी 'काय तब्येत आहे' म्हणून डोक्यावर घेतलं होतं, त्यांतला एकही तेव्हा तिच्या दारात आला नाही.

आपल्याकडे आज्या एक कोडं घालायच्या, भाकरी का करपली, घोडा का अडला आणि पानं का सडली, तिन्हीचं उत्तर एकच, फिरवलं नाही म्हणून. एवढं शहाणपण ज्या भाषेत पोराटोरांना तोंडपाठ होतं त्या भाषेतली माणसं आज घोडा दावणीला बांधून त्याला गूळ चारतात आणि त्याला हौस म्हणतात, याला काय म्हणावं?

आता घोडा बघायचा कसा ते सांगतो. पहिला नियम असा की डोळे मिटले तरी चालतील, हात पाहिजे. घोड्याच्या अंगावर सहा जागा आहेत. मान, मान जिथं पाठीला मिळते तो खोगिरापुढचा उंचवटा, खांद्यामागची खळगी, जिथं कोपराच्या वर तंग आवळतात ती, बरगड्या, कंबरेवरचा कणा, आणि शेपटीचं मूळ. घोडा चरबी साठवतो ती या सहा ठिकाणी आणि उपासमार झाली की उतरतोही इथंच. म्हणून या सहा जागी बोटं फिरवायची, दोन्ही बाजूंनी, आणि घाई न करता.

बरगड्यांसाठी सोपी खूण स्वतःच्या हातावरच आहे. मूठ आवळा आणि दुसऱ्या हाताचं बोट मुठीच्या हाडांवरून फिरवा. घोड्याच्या बरगड्या तशा लागल्या तर घोडा रोड आहे. आता हात सरळ पसरून पालथा करा, बोटांच्या मागच्या हाडांवरून बोट फिरवा. हाड दिसत नाही, पण हलका हात लावला की लगेच कळतं. बरगड्या अशा लागल्या तर घोडा ठीक. आता हात उताणा करा आणि तळव्यावर, बोटांच्या मुळाशी असलेल्या मांसावर बोट फिरवा. हाड शोधायला दाबावं लागतं. बरगड्या अशा लागल्या तर घोडा जाड. हे शिकायला ना पुस्तक लागतं ना डॉक्टर. शाळेतल्या पोराला पाच मिनिटांत येतं.

कण्यावर बघा. कंबरेवर मधली रेघ उंच धारेसारखी वर आलेली असेल तर घोडा उतरलेला. पाठ सपाट, ना धार ना पन्हाळ, तर बरोबर. पन्हाळ पडली म्हणजे कण्याच्या दोन्ही अंगांना चरबी चढून मधला कणा खाली राहिला. ज्या पन्हाळीवर यात्रेत पैसे उधळले जातात ती म्हणजे जाडपणाची पहिली पावती. शेपटीच्या मुळाशी बोटानं दाबा. हाडं टोचली तर रोड, थोडंसं स्पंजासारखं लागलं तर ठीक, लोण्यासारखं बोट रुतलं तर जाड. खांद्यामागं हात घाला. खांदा अंगात सहज मिसळलेला पाहिजे. तिथं चरबीची उशी लागली तर समजा. आणि मान शेवटी बघा, कारण सगळ्यात वाईट चरबी तिथली. आयाळीच्या मुळाशी वळकटी धरता आली आणि ती घट्ट लागली, की हा घोडा पायाच्या दुखण्याच्या वाटेवर आहे असं खुशाल समजावं.

या सहा जागांना आकड्यात बसवायचं काम अमेरिकेत टेक्सासच्या विद्यापीठात हेनेके नावाच्या संशोधकानं केलं आणि 1983 साली ते छापून आलं. 1 ते 9 अशी मोजपट्टी. 1 म्हणजे हाडाचा सापळा, 9 म्हणजे चरबीचे गोळे. 5 म्हणजे बरगड्या दिसत नाहीत पण हाताला सहज लागतात, पाठ सपाट. 4 म्हणजे बरगड्यांची पुसट रेघ दिसते. 7 ला पन्हाळ पडलेली असते. कामाच्या घोड्याला 5 च्या आसपास ठेवायचं. हेनेकेचं मूळ काम गाभण राहणाऱ्या घोड्यांवर होतं, आणि त्यातून निघालं ते असं की 5 च्या खाली घसरलेली घोडी गाभण राहायला त्रास देते. म्हणजे ही मोजपट्टी नुसत्या दयेपोटी जन्मली नाही, पैशाच्या हिशेबातून जन्मली. आमच्या व्यवहारी लोकांना तरी ती पटायला हवी.

हाताशिवाय डोळा कसा फसतो तेही सांगतो. घोडीचं पोट सुटलेलं बघून लोक म्हणतात खाऊन-पिऊन सुखी आहे. हात लावा, कण्याची धार बोटाला कापते. पोटात निकस काड आणि जंत, वर मांस नाही. हे पोट म्हणजे उपासमारीचं पोट, आपल्याकडे कुपोषित पोरांचं असतं तसं. दुसरी फसवणूक थंडीच्या केसांची. सारंगखेड्याची यात्रा दत्तजयंतीला, माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष संपता संपता. ऐन थंडी. त्या दिवसांत घोड्याच्या अंगावर केस दाट झालेले असतात आणि त्यांच्याखाली बरगड्या लपतात. फाल्गुनात केस झडले की घेणाऱ्याला कळतं आपण काय घेतलं. तिसरी, गाभणी घोडी. शेवटच्या महिन्यांत शिंगराच्या वजनानं पोट खाली ओढलं जातं, बरगड्यांवरची कातडी ताणली जाते आणि बरगड्या दिसायला लागतात. ती रोडच असते असं नाही. तिच्या बरगड्या सोडून मान, कणा आणि शेपटीचं मूळ बघायचं. चौथी, म्हातारा घोडा. वयानं पाठीचं मांस झडतं, कणा वर येतो, पण शेपटीच्या मुळाशी चरबी तशीच असते. त्याला हरभरा वाढवून काही होत नाही. आधी तोंड उघडून दाढांना टोकं आलीत का बघायचं. टोचणाऱ्या दाढांनी चावताच येत नसेल तर तोबरा भरून काय उपयोग? आणि पाचवी, मांस आणि चरबी. मांस हाताला भरीव लागतं, दाबलं की परत उसळतं. चरबी दाबली की सरकते. पुठ्ठ्यावर थाप मारून आवाज ऐकणारे हा फरक कधी करत नाहीत.

आता दुसऱ्या बाजूला येतो, नाहीतर म्हणाल मी रोडक्या घोड्यांची बाजू घेतोय. थंड हवेच्या गावांतली भाड्याची तट्टं बघा. माथेरानला तर मोटारींना बंदी, माणसंही घोड्यावर आणि सामानही घोड्यावर. पावसाळ्यात गिऱ्हाईक आटतं, मिळकत आटते, पण घोड्याचं पोट आटत नाही. तिथं ज्याच्या घोड्याच्या बरगड्या मोजता येतात तो नेहमीच निर्दय असतो असं नाही, बऱ्याचदा तो स्वतःही तसाच असतो. पण गरिबी समजून घेतली म्हणून घोड्याच्या पाठीवरचं वजन कमी होत नाही. टेप घ्या आणि हिशेब करा. तंग बांधतात तिथून छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये घ्या. खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी घ्या. घेराला घेरानं गुणा, त्याला लांबीनं गुणा, आणि 11,877 नं भागा. किलोमध्ये अंदाजे वजन येतं. घेर 150 आणि लांबी 130 आली तर तट्टू 246 किलोचं. घोडेस्वारीत साधारण धरतात ते माप घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाचं, तेही खोगिरासकट. म्हणजे या तट्टाच्या पाठीवर 49 किलो. आता खोगीर वजा करा, आणि पुण्या-मुंबईहून आलेल्या ऐंशी किलोच्या साहेबांना विचारा, तुम्ही कितवा हिस्सा?

कायदा नाही असं नाही. ओझ्याच्या जनावरांसाठी केंद्राचे 1965 चे नियम आहेत. तट्टाच्या पाठीवर 70 किलोपेक्षा जास्त ओझं नको, दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नको, पारा 37 अंशांच्या वर गेला तर दुपारी बारा ते तीन काम नको. चांगलं आहे. पण कायद्यानं ओझं तोललं, पाठ तोलली नाही. 70 किलो हे कुठल्या तट्टासाठी? पाचवर असलेल्या की दोनवर घसरलेल्या? दोनवर असलेल्या घोड्याच्या कण्यावर मांसाची गादीच उरलेली नसते. खोगीर थेट हाडावर घासतं, जखम होते, जखमेवर गाशा टाकतात आणि पुन्हा खोगीर. तिथं 70 काय आणि 40 काय.

आणि शहरातल्या भूतदयावाल्यांनाही दोन शब्द सांगायचे आहेत. तुमची कळकळ खरी आहे. मुंबईतल्या व्हिक्टोरिया गाड्या उच्च न्यायालयानं 2015 मध्ये बेकायदा ठरवल्या, त्यामागं अशीच कळकळ होती. पण तुम्हीही डोळ्यानंच बघता. धनगराची घोडी, बरगडीची पुसट रेघ दिसते, अंगावर धूळ, तिचा फोटो काढून तुम्ही जगाला दाखवता, "बघा किती हाल." ती घोडी चारवर असते, रोज आठ-दहा मैल चालते, तिचा पाय दगडासारखा आणि ती वीस वर्षं जगते. आणि त्याच संध्याकाळी लग्नात नवरदेवाच्या आठवर गेलेल्या घोडीशेजारी उभं राहून तुम्ही फोटो काढता, "किती गोंडस!" हाल खरे कुणाचे चाललेत? भीमथडी तट्टांनी यमुनेचं पाणी प्यायलं म्हणून आपण छाती फुगवतो, आणि अलीकडे भीमथडीला स्वतंत्र देशी जात म्हणून नोंदही मिळाली. ती तट्टं यमुनेपर्यंत गेली ती अंगावर चरबी होती म्हणून गेली काय? काटक होती म्हणून गेली. त्यांचे वंशज आज धनगरांच्या बिऱ्हाडाखाली चालतात आणि आपण त्यांना रोडकी म्हणून हिणवतो.

काटकपणा म्हणजे उपाशी ठेवणं नव्हे, हेही ऐकून ठेवा. चिपळूणच्या छावणीतल्या आपल्या अंमलदारांना शिवाजी महाराजांनी लिहिलेलं पत्र शाळेत आपण वाचतो, ते रयतेच्या भाजीच्या देठासाठी. पण त्या पत्राचा निम्मा जीव घोड्यांच्या दाणा-वैरणीत आहे. आज आहे म्हणून हवं तसं चाराल, पावसाळ्यात संपेल, मग घोडी उपाशी मरतील आणि तो दोष तुमचाच, असा त्याचा रोख. म्हणजे एवढा मोठा राजा गवताच्या गंजीचा पावसाळ्याअखेरपर्यंतचा हिशेब मांडतो, आणि आपण यात्रेच्या आधी दोन महिने जनावर फुगवतो आणि यात्रेनंतर दहा महिने विसरतो. घोड्याला चढ-उतार मारतो. रोजच्या रोज वजनाच्या दोन टक्के सुकी वैरण, म्हणजे अडीचशे किलोच्या तट्टाला पाच किलो कडबा-गवत, आणि वर कामाप्रमाणे चंदी, एवढं साधं गणित आहे. कामच नसेल तर चंदी कशाला?

गणित मोडून एकदम उलटं वागणारे त्याहून घातकी. कुणीतरी दया येऊन हाडाचा सापळा झालेला घोडा सोडवून आणतो आणि पहिल्याच दिवशी तोबरा भरून हरभरा घालतो. महिनोन्‌महिने उपाशी असलेल्या देहाला तो भार सोसत नाही. रक्तातले क्षार ढासळतात आणि आठवड्याभरात जनावर जातं. आणतानाच जितकं पुण्य लागलं तेवढं धुऊन निघतं. अशा घोड्याला आधी थोडा लसूणघास, थोडं वाळलं गवत, दिवसातून सहा वेळा, आणि दाणा कित्येक दिवस नाही. तसंच जाड तट्टू बारीक करायचं म्हणून एकदम उपाशी ठेवायचं नाही. अंगातली चरबी रक्तात उतरते, यकृत बंद पडतं. दाणा तोडायचा, गूळ तोडायचा, वैरण मोजून घालायची पण वजनाच्या दीड टक्क्याखाली न्यायची नाही, आणि पाय धड असतील तर चालवायचं. महिन्या-दोन महिन्यांत उतरतं. घाई करणाऱ्याला घोडा फळत नाही.

आता माझ्यावर उलटा वार होईल तो मला ठाऊक आहे. "आम्ही पिढ्यान्‌पिढ्या घोडं बघतोय, आम्हाला अमेरिकेचे आकडे शिकवू नका." बरं. पिढ्यान्‌पिढ्या तुम्ही काय बघता? भोवरे बघता. कपाळावरचा भोवरा शुभ, अमक्या जागचा अशुभ. पंचकल्याणी आहे का बघता. रंग बघता, कानाची टोकं मिळतात का बघता, हलगीवर नाचतो का बघता. बघा, हौसेला माझी ना नाही. पण भोवऱ्यानं कुणाचा घोडा मेला किंवा कुणाचं घर बसलं हे मी एकतीस वर्षांत पाहिलं नाही, आणि चरबीनं दोन्ही होताना पाहिलं आहे.

आणि परंपरेचंच म्हणाल तर खरी परंपरा मला आमच्या शिवारात उतरणाऱ्या एका म्हाताऱ्या धनगरणीकडं दिसली. पहाटे वाडा हलवायच्या आधी ती घोडीजवळ जायची. गाशा टाकण्यापूर्वी उघड्या पाठीवरून मानेपासून शेपटीपर्यंत तळवा फिरवायची, बरगड्यांवर बोटं उतरवायची, मग ठरवायची आज हिच्यावर बाज आणि भांडी, का नुसती कोकरं आणि कोंबड्या. मी विचारलं, "आजी, काय बघता?" म्हणाली, "बघत न्हाय लेकरा, इचारते. पाट सांगती किती झेपंल त्ये." एका सकाळी तिनं घोडीवरचं निम्मं ओझं काढून सुनेच्या डोक्यावर दिलं. सून कुरकुरली. म्हातारी म्हणाली, "तुला तोंड हाय, बोलशील. तिला न्हाय." हेनेकेनं यापेक्षा वेगळं काय केलं? तिचा हात कागदावर उतरवला, एवढंच. कागदावर उतरला म्हणून तो फसवणाऱ्याच्या तोंडावर मारता येतो. तिचा हात तिच्याबरोबर गेला.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. घोड्यांच्या यात्रांतून लाखांचे सौदे होतात. दूध देणाऱ्या म्हशीचा सौदा करताना आपण समोर धार काढून दूध मोजून घेतो. बोकड तोलून घेतो. मग लाखाच्या घोड्याचाच सौदा 'काय तब्येत आहे' या वाऱ्यावर का? सौद्याच्या पावतीवर रंग, वय आणि खुणा लिहिता तसा एक आकडा लिहा, 1 ते 9. शेजारी छातीचा घेर आणि लांबी लिहा. यात्रेत जनावरांच्या डॉक्टरांची पथकं असतातच, त्यांच्याकडून हात फिरवून घ्या. सुंदर घोड्याला बक्षीस देणाऱ्यांनी सातच्या वर गेलेल्या घोड्याला मैदानातच घेऊ नये. पहिल्या वर्षी भांडणं होतील, दुसऱ्या वर्षी दलाल आकडे खोटे सांगतील, तिसऱ्या वर्षी घेणारे स्वतः हात लावायला शिकतील. एकदा किंमत पाचाला मिळायला लागली की घोडी फुगवणं आपोआप बंद होईल, कारण विकणारा मूर्ख नाही. तो आपल्याला जे आवडतं तेच विकतो. घोड्याच्या भाड्याच्या धंद्याला परवाना देतानाही हाच आकडा विचारा, आणि तीनवर आलेल्या तट्टाला आकडा पाचवर येईपर्यंत सुट्टी द्या. त्या सुट्टीतल्या वैरणीचा खर्च तट्टवाल्याच्या एकट्याच्या गळ्यात घालू नका. त्या घोड्यांच्या जिवावर जी गावं हॉटेलं चालवतात, त्यांनीही गंजीला हात लावावा.

एवढं होईल तेव्हा होवो. तोवर घोडं घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला माझं सांगणं इतकंच. विकणारा घोडा पळवून दाखवील, नाचवून दाखवील, मागच्या दोन पायांवर उभा करून दाखवील. ते सगळं बघून घ्या, टाळ्या वाजवा, चहा प्या. मग गर्दी पांगली की घोड्याजवळ जा, त्याच्या खांद्याला हात लावून त्याला ओळख द्या आणि सहा जागांवरून सावकाश बोटं फिरवा. शेवटी खाली बसून चारही खुरांवरचे वळ बघा. विकणाऱ्यानं हात लावू दिला नाही, तर पैशाची पिशवी कमरेला तशीच बांधून घरची एसटी धरा.